पहिल्या ताटलीचा मान

मिएनने चूल पेटवली, पातेल्यातले पाणी खदखदू लागले, त्यावर ताणून बांधलेल्या कापडातून वाफ वर आली, आणि तरी खोआनकाका आले नाहीत. तिने प्लॅस्टिकची बुटकी निळी स्टुले भिंतीलगत मांडली. त्यातले सर्वात कमी डगमगणारे झाडाच्या बाजूला त्यांच्यासाठी ठेवले. मग काही करायचे उरले नाही, म्हणून धुतलेले फडके पुन्हा धुतले.

"रुसलाय वाटतं नवरदेव," शेजारून लिऊने हाक घातली.

"तोंड सांभाळ. पंच्याहत्तरीचे आहेत ते."

"मग काय झालं? तू तरी कुठे सोळाची आहेस, ताई!"

लिऊ पदपथावर बर्फ घातलेला चहा, सूर्यफुलाच्या बिया आणि गल्लीतल्या बातम्या विकत असे. पैकी बातम्या फुकट मिळत.

हनोईच्या जुन्या भागात पत्रेवाल्यांच्या आळीपासून हाकेच्या अंतरावर मिएनची ही चूल. ती विकते बान कुओन. कापडावर तांदळाचे सरसरीत पीठ पळीच्या पाठीने फिरवायचे, झाकण ठेवायचे, आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली पोळी बांबूच्या पट्टीने अलगद उचलायची. आत खिमा आणि काळी अळंबी, वर खरपूस तळलेला कांदा, बाजूला वाटीत माशाचा आंबटगोड रस. ताटलीची किंमत इतकी माफक की रिक्षावालाही खातो आणि बँकेतला साहेबही, दोघांचेही गुडघे कानाला लागलेले.

मिएन मूळची थान त्री गावची. तिथल्या बायका अशा पोळ्यांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन शहरात विकायला येत. मिएन मात्र सून म्हणून आली, ती थेट सासूच्या चुलीसमोर. सासू बोलायची कमी आणि पळी हातावर मारायची जास्त. पोळी जाड झाली की म्हणायची, "ही ठेव, थंडीत पांघरायला होईल." नवरा रेल्वेत होता. तो लवकर गेला. दोन मुली या पातेल्याच्या वाफेवरच वाढल्या, शिकल्या आणि नोकऱ्यांना लागल्या. हल्ली दोघी फोनवर एकच सांगतात, "आई, आता पुरे कर."

"पुरे करून काय करू? गॅलरीत बसून विजेच्या तारा बघू?" मिएन विचारते, आणि फोन ठेवून तांदूळ भिजत घालते.

सासू गेल्यानंतरचा पहिला दिवस तिला अजून आठवतो. एकटी बसलेली, पोळ्या फाटत होत्या, आणि जो तो वाकून बघून पुढे जात होता. तेव्हा खोआन नावाचा पत्र्याचे डबे ठोकणारा कारागीर काळ्या हातांनी येऊन बसला. भाव विचारला नाही, फाटक्या पोळीला नाक मुरडले नाही. ताटली चाटूनपुसून खाल्ली, पैसे दिले, आणि उठताना म्हणाला, "भराभर खपू दे." दुपार व्हायच्या आत पिठाचे भांडे रिकामे झाले होते.

तेव्हापासून भवानी त्यांचीच. त्यांच्याआधी कोणी आलेच तर मिएन पाणी तापले नाही म्हणून त्याला बसवून ठेवी. काकांनी दिलेली नोट ती पातेल्याच्या कडेवरून, पिठावरून, स्टुलांवरून फिरवी आणि मगच पेटीत टाके. काकांचे केस पिकले, डबे ठोकायचे काम पुतण्याकडे गेले, पण पहिल्या ताटलीचा मान काही सुटला नाही.

आणि आता ते एकाएकी यायचे थांबले होते.

त्या दिवसांत पहिल्या गिऱ्हाइकांनी मिएनचा जीव नकोसा केला. एका बाईने भाव विचारला, झाकण उचलायला लावले, पोळीकडे मुलगी बघायला आल्यासारखे बघितले आणि "नको, आज पोट जड आहे" म्हणून चालती झाली. मिएनने ताबडतोब कागद पेटवला आणि तिच्या पायगुणाची इडापिडा जाळायला तो स्टुलांखालून फिरवला. दुसऱ्या दिवशी एक गोरा पाहुणा आला. त्याने चुलीचे, पळीचे, मिएनच्या कपाळावरच्या घामाचे फोटो काढले, हात जोडले आणि काही न खाता गेला. पुन्हा कागद.

"ताई, अशीच जाळत राहिलीस तर अग्निशमनवाले येतील," लिऊ म्हणाली. "ते तरी खातील, म्हणा."

मग एका सकाळी, ऐन गर्दीत, खोआनकाका आले. जाडजूड जाकीट घातलेले, गळ्यापर्यंत बटणे लावलेली. झाडाजवळच्या स्टुलावर न बसता ते पार टोकाला, मोटारसायकलींना टेकून बसले. खाली मान घालून खाल्ले, पैसे ठेवले आणि गेले. दुसऱ्या दिवशी तसेच. तिसऱ्या दिवशीही तसेच. मिएनला गिऱ्हाइकांतून मान वर काढायला फुरसत नव्हती, आणि जरा मिळाली तेव्हा तिने मुद्दामच काढली नाही.

लिऊने मात्र कारण शोधून आणले होते. "कोपऱ्यावर काचेच्या दाराचं नवीन बान कुओनचं दुकान निघालंय ना? थंड हवेचं यंत्र, झुळझुळीत कपड्यातली पोरगी. नवं दुकान उघडताना चांगल्या पायगुणाचा माणूस शोधतातच की. काकांना नेलं असणार त्यांनी. भवानी तिकडे, आणि पोट भरायला तुझ्याकडे!"

"ते तसे नाहीत."

"नाहीत तर मग आधी का येत नाहीत?"

 धंद्याचे नुकसान मिएनने सोसले असते. गिऱ्हाईक तर काय, येते आणि जाते. पण ज्या माणसाच्या तोंडून "भराभर खपू दे" ऐकल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नव्हता, त्याने तेच शब्द दुसरीकडे जाऊन म्हणावेत? त्या दिवशी तिने त्यांच्या ताटलीत मुद्दाम फाटक्या पोळ्या वाढल्या. काकांनी त्याही मुकाट्याने खाल्ल्या, त्यामुळे तिला अधिकच राग आला.

दुसऱ्या सकाळी पाणी उकळताच तिने पळी लिऊच्या हातात दिली. "सांभाळ जरा. मी आत्ता आले."

"मला कुठे येतं हे?"

"चहा ढवळतेस ना? तसंच," असे म्हणून मिएन कंबर कसून कोपऱ्याकडे निघाली.

काचेचे दुकान अजून बंदच होते. ती वळली, तर समोरच्या बाजूला मोठ्या वडाआड खोआनकाका उभे. म्हातारे लोक तळ्याकाठी करतात तसे हात वर-खाली करत व्यायामाचे सोंग चालले होते, पण नजर सगळी तिच्या चुलीकडे.

"काय काका! इथून बरं दिसतं का?" मिएन कडाडली. "का दुसऱ्यांचं दार उघडायची वाट बघताय?"

काका दचकून दोन पावले मागे सरले. "अगं, लांब राहा, लांब! तुझी भवानी व्हायचीय अजून."

"ती व्हायला तुम्ही नको का यायला?"

"मी कसा येऊ?" त्यांनी जाकिटाची बटणे सोडली. आत सदऱ्यावर काळ्या कापडाचा छोटा तुकडा टाचलेला होता. "गावी थोरला भाऊ वारला, इतके दिवस तिकडेच होतो. सुतकातला माणूस मी, तुझ्या चुलीपुढे पहिला येऊन बसू? तुझा धंदा बुडवायचाय का मला? रोज इथे उभा राहतो. कोणीतरी खाऊन उठलं, की मग येतो."

मिएनने तो काळा तुकडा पाहिला. मग तोंडून आले ते भलतेच. "मग सांगायचं नाही का?"

"कधी सांगू? पहाटे चुलीपाशी मयताची गोष्ट काढू? आणि गर्दीत तू माझ्याकडे बघतही नव्हतीस." त्यांनी बटणे पुन्हा लावली. "काल तर पोळ्यासुद्धा फाटक्या होत्या. म्हटलं, बिचारीचे हात दुखत असतील."

मिएनने पदर नसल्यामुळे बाहीनेच डोळे पुसले आणि त्यांचा दंड धरला. "चला. बसा. पहिले बसा, काय व्हायचं ते होऊ दे."

"बसणार नाही."

"काका!"

"मिएन, तू मला पंचवीस माणसांसमोर ओढलंस तरी बसणार नाही. वर्षाचं सुतक सरेपर्यंत नाही."

अशी ओढाताण करत दोघे चुलीपाशी पोहोचले, तर तिथे लिऊ स्टुलावर बसून खात होती. समोर ताटलीत पोळी म्हणून जे काही होते, ते बुडबुड्यांनी भरलेले आणि एका बाजूने ढेकळासारखे जाड होते.

"काय बघतेस? एक माणूस येऊन वळला, दुसरा येऊन हसला," लिऊ तोंडातला घास न गिळताच म्हणाली. "मला राग आला. म्हटलं, माझीच मी खाते. पैसे ठेवलेत पेटीवर. पूर्ण ठेवलेत, मोजून घे!"

लिऊने आजवर कोणालाही, कशाचेही पूर्ण पैसे दिल्याचे गल्लीत कोणाच्या ऐकिवात नव्हते. मिएनने नोट उचलली, पिठावरून फिरवली, आणि काकांकडे वळून म्हणाली, "झाली भवानी. आता तरी बसाल?"

"आता बसतो," काका म्हणाले, आणि झाडाजवळ बसले.

"उद्यापासून रोज पहिली मीच," लिऊने जाहीर केले. "पण पोळी तू करायचीस, ताई. ही माझी मलाच जात नाहीये."

मिएनने कापड पुसून घेतले आणि एक पोळी अशी पातळ काढली की पलीकडचा माणूस दिसावा. दोन, तीन, चार. वरून कांदा जरा जास्तच पडला. ताटली काकांच्या हातात देऊन ती पुन्हा चुलीमागे गेली नाही. शेजारचे स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

"भाऊ काय करायचे?" तिने विचारले.

"बदकं पाळायचा," काका म्हणाले. "गोष्टीवेल्हाळ. बदकांशीसुद्धा बोलायचा."

तेवढ्यात शाळेच्या गणवेशातल्या मुली, एक पोस्टमन आणि बाजाराची पिशवी घेतलेली बाई असे सगळे एकदमच येऊन उभे राहिले. "मावशी, तीन ताटल्या! मावशी, माझी आधी!"

"थांबा जरा," मिएन मागे न बघताच म्हणाली. "काका बोलतायत."