श्योककाठचा जवळचा रस्ता

दीपमाला इंगळे अकोल्याहून पुण्यात शिकायला आली आणि नारायण पेठेतल्या एका छोट्या सहल कंपनीत नोकरी लागल्यावर इथलीच झाली. अकरा वर्षं ती लडाखच्या सहली आखते. दम्यामुळे स्वतः कधी गेली नाही. पण कुठल्या खिंडीत दुपारनंतर वारा सुटतो, कुठे डिझेल मिळत नाही, सगळं तिला पाठ.

गेल्या जुलैत तिने नऊजणांचा गट पँगाँग सरोवरावरून थेट नुब्राच्या वाळवंटाकडे पाठवला. लेहवरून गेलं तर एक दिवस जादा लागतो, म्हणून श्योक नदीकाठचा जवळचा रस्ता तिनेच निवडला. चार वाजता रिगझिन ड्रायव्हरचा फोन यायचा होता. आला नाही. सहाला कळलं, नदीला अचानक पाणी येऊन रस्ता वाहून गेलाय. गट कुठे आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिस उघडायला आली तेव्हा दारात पुण्याजवळच्या मांजरी गावचे सोनबा उभे होते. त्यांची मुलगी तेजस्विनी त्या गटात होती. बाकीच्यांचे नातेवाईक फोनवर ओरडत होते. सोनबा टोपी मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. दीपमालाला तेच जास्त जड गेलं.

"पोरगी पानी बघून गाडीतनं उतरली आसंल न्हवं?" त्यांनी एकदाच विचारलं.

"रिगझिन जुना माणूस आहे, काका," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच खरा वाटेना. तिने हॉटेलला, लेहच्या टॅक्सीवाल्यांना, पोलिसांना पुन्हा पुन्हा फोन लावले. छाती आवळत आली, तेव्हा पाठमोरी होऊन दम्याचा पंप ओढला.

दीड वाजता अनोळखी नंबर वाजला. लष्कराच्या चौकीवरून रिगझिन बोलत होता. पाण्याचा रंग बदललेला पाहून त्याने गाडी मागे वळवली होती. नऊहीजण रात्री श्योक गावात सुखरूप राहिले होते आणि तेजस्विनी आता त्याच्या शेजारीच उभी होती. तिने फोन सोनबांच्या हातात दिला.

"अप्पा, मी बरी आहे."

लाइन तुटली. सोनबांनी फोन कानावरून काढलाच नाही.

"तो रस्ता मीच ठरवला होता, काका," दीपमाला म्हणाली.

सोनबांनी फोन तिच्या हातात परत दिला. "मंग फुडल्या बारीला ठरवू नका," म्हणाले, आणि टोपी घालून निघाले.

त्याच दुपारी तिने पुढच्या सगळ्या सहली लेहवरून वळवल्या. ऑगस्टच्या गटातले कोथरूडचे एक गृहस्थ लगेच फोनवर आले. "जवळचा रस्ता सोडून एक दिवस वाया? नकाशा वाचता येतो ना आपल्याला?"

"हो, येतो," ती म्हणाली आणि लेहच्या हॉटेलातला मुक्काम एका दिवसाने वाढवला.