काळ्या घोड्याचं रेटिंग

एका आजारी माणसाचा घोडा मी भर वॉर्डात खोटा पाडला, आणि वरून हसले. मूर्खपणा आयुष्यात पुष्कळ केला. भाजीत दोनदा मीठ घातलं, सासूला वय खरं सांगितलं. पण त्या सगळ्याला काही ना काही उतारा होता. याला नव्हता.

गडचिरोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, पण तिकडचे रोगी अजून आमच्याकडे चंद्रपूरलाच येत. मी पंचविशीतली नर्स. साडीला कडक खळ, केसांत मोजून आठ पिना, आणि डोक्यात असा पक्का समज की माझ्याइतकं वाचलेलं माणूस थेट भामरागडापर्यंत दुसरं नसणार. नेमणूक मिळाली क्षयाच्या वॉर्डात. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, शवागाराच्या भिंतीला लागून बारा खाटा. तिथला माणूस महिनोन्महिने राहायचा, रोज सुई टोचून घ्यायचा आणि जरा अंगात ताकद आली की पळून जायचा. पळालेला परत यायचा तो बैलगाडीत आडवा होऊन. नाहीतर यायचाच नाही.

खिडकीजवळच्या खाटेवर एक सईस होता. चामोर्शीकडच्या खेड्यातला, आमच्यासारख्याच बौद्ध घरातला. मार्कंड्याच्या जत्रेत सर्कस आली होती, तिच्या घोड्यांमागे हा लहानपणी जो गेला तो थेट मुंबईच्या रेसच्या तबेल्यात पोचला. तीस वर्षं शर्यतीच्या घोड्यांना खरारा केला आणि छाती पोखरून घेऊन गावी परतला. भावजयीनं त्याची खाट गोठ्यात टाकली होती. आमच्या वॉर्डातून तो आधी दोनदा पळालेला. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, हा तिसऱ्यांदा पळाला तर पुढं कुठलंच औषध त्याला लागू पडणार नाही. वर्षभर टिकला तर जगेल.

तो टिकला चार महिने, आणि ते काही माझ्या पिनांमुळे नव्हे. शेजारच्या खाटेवर चंद्रपुरातले एक टांगेवाले चाचा होते. चाचांनी जन्मात एकही रेस पाहिली नव्हती. पण वर्तमानपत्रात आलेला एका तांबड्या घोड्याचा फोटो त्यांनी कापून उशीखाली ठेवला होता. डर्बी, म्हणजे वर्षातली सगळ्यांत मोठी शर्यत, जिंकलेला घोडा. त्याला ते 'माया लाल्या' म्हणत, जणू स्वतःच्याच टांग्याला जुंपला होता. सईसाचा होता एक काळा; त्याचं तबेल्यातलं इंग्रजी नाव ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. त्याच्या मते त्या काळ्यासारखा घोडा सपाट मैदानावर पुन्हा झाला नाही.

यावरून रोज भांडण. सकाळची सुई मी टोचायची ती या भांडणातच, दोघांनाही कळायचं नाही. लाल्यानं लांब पल्ल्याची शर्यत मारली म्हणून चाचा चढायचे, तर सईस म्हणायचा की लांब पल्ला म्हणजे नुसता दम, घोडा ओळखावा तो शेवटच्या वळणावर. पावसात भिजलेल्या गवतावर कोण टिकेल, कुणी किती वजन घेऊन कुणाला हरवलं, असलं सगळं निघायचं. रेटिंग म्हणजे काय हेही मला सईसानंच शिकवलं. तिथले जाणकार प्रत्येक घोड्याला एक आकडा देतात. आकडा जेवढा मोठा, तेवढं जास्त वजन पाठीवर. खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालतात.

"म्हणजे जो बरा चालते त्याच्याच पाठीवर शिसं?" चाचा म्हणाले. "हे तं माया घरच्या मोठ्या सुनेसारखं झालं."

मग मीच पंच झाले. घोडा आणि खेचर यातला फरक मला धड सांगता आला नसता, पण जुन्या तापाच्या तक्त्यामागे मी रोज दोघांचं रेटिंग लिहू लागले. आज काळा एकशेवीस, लाल्या एकशेअठरा. ज्याचा मुद्दा पटला त्याला दोन वाढवून. बाकीच्या खाटांनीही पक्ष घेतले. सईस जेवायला कंटाळायचा, तेव्हा चाचा त्याच्यापुढं ताट सरकवायचे. "जेवा भाऊ. उपाशी माणसाची गवाही कोण मानते?" तो जेवायचा. त्याचं वजन पाच किलोनं वाढलं. ते मी दुसऱ्या तक्त्यावर लिहीत होते, पण दोन तक्त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे माझ्या शहाण्या टाळक्यात आलं नाही.

एक गोष्ट मात्र आली. काळ्याचं बोलताना तो त्याच्या कानाच्या टोकावरची पांढरी शेंडी सांगायचा, गूळ फक्त डाव्या हातातून खातो म्हणायचा, पायऱ्या दिसल्या की थबकतो म्हणायचा. पण रेस कोणत्या सालची असं विचारलं की त्याला खोकला यायचा. मला वाटलं, सापडलं.

पावसाळ्यात मला तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला पुण्याला पाठवलं. शेवटच्या रविवारी फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे एक जाडजूड इंग्रजी वार्षिक मिळालं. वीस वर्षांतले देशातले अव्वल घोडे, रेटिंगसकट. ते छातीशी धरून मी एवढ्या दूर आले, दोन गाड्या बदलून. आईला पातळ घ्यायचं राहिलं.

वॉर्डात पाऊल टाकलं तशी सगळे उठून बसले. मी मध्ये स्टूल घेतलं आणि शाळेत निकाल वाचतात तशी वाचू लागले. लाल्या तिसरा. चाचांच्या पक्षानं ताटल्या वाजवल्या. मी पुढं वाचत गेले. वीस नावं, तीस, पन्नास. काळा नव्हता. मी पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. नव्हता.

चाचांना मी ताटलीवाल्यांत धरलं होतं, पण त्यांनी ताटली वाजवली नव्हती. ते खाटेवरून उतरून माझ्याकडे आले आणि पुस्तकाला हात घातला. म्हणाले, "बाई, एखादं पान फाटलं असन. जुनं पुस्तक आहे." त्यांनी डोळ्यांनी मला काहीतरी सांगितलं. इतक्या वर्षांनी ते डोळे मला वाचता येतात. तेव्हा मी काय केलं, तर सगळ्यांना दिसेल असं पुस्तक उंच धरून पानांचे आकडे मोजून दाखवले. एकही पान गेलेलं नव्हतं. आणि सईसाकडे वळून म्हणाले, "बाबा, तुमचा काळा कुठं धावला? वीटभट्टीवर?"

वॉर्ड हसला. मी सगळ्यांत जास्त हसले. सईसही थोडा हसला, आपल्या पायांकडे बघत.

दुसऱ्या दिवशी त्यानं मुकाट दंड पुढं केला. सुई लागली तेव्हा पहिल्यांदाच 'आई गं' म्हणाला. लाल्याची बाजू घेऊन चाचांनी दोन-तीनदा कुरापत काढून पाहिली, अगदी घाणेरडं बोलून पाहिलं. तो म्हणाला, "तुमचा चांगला होता, चाचा." तिसऱ्या दिवशी खाट रिकामी. घोंगडी चौघडी घातलेली, थुंकीची डबी धुऊन पालथी ठेवलेली.

आरोग्यसेवकाला त्याच्या गावी पाठवलं. तो गोठ्यात होता. परत यायला नाही म्हणाला, वाद घातला नाही, नुसता नाही म्हणाला. धान कापणीला आलं तेव्हा तोच आरोग्यसेवक चामोर्शीच्या बाजारातून निरोप घेऊन आला. संपलं होतं. भावजयीनं खाटही जाळली म्हणे.

चाचा अजून वॉर्डात होते. मी त्यांच्या खाटेशी जाऊन सांगितलं. मग त्यांनी मला सांगितलं की काळा कुठल्याच रेसमध्ये धावला नव्हता. दोन वर्षांचा होता. पहिल्या शर्यतीला आठ दिवस असताना सकाळच्या सरावात त्याचा पुढचा पाय मोडला. असा घोडा तिथं ठेवत नाहीत. गोळी घातली तेव्हा त्याचं तोंड सईसानं धरलं होतं, कारण दुसऱ्या कुणाच्या हाती तो उभा राहत नव्हता.

मी नर्सच्या आवाजात विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं, तर न धावलेल्या घोड्यावरून चार महिने भांडत कशाला होतात?

चाचा माझ्याकडे वळले. रागावले नव्हते.

"पहिल्या हप्त्यातच रडत रडत सांगतलं त्यानं मले. मीच म्हटलं, भाऊ, मेला तं मेला, पन पळला असता तं कसा पळला असता थे सांग. तवापासून रोज एक रेस सांगून राह्यला होता बाई. डर्बी अजून राह्यली होती."