रोमन दगडासाठी तांदळाचं पीठ

काय सांगायचं तुम्हाला, माणसाने एका दिवसात किती मूर्खपणा करावा याला काही मर्यादा? सौदीत एकोणीस वर्षं काढली मी. कधी सिग्नल तोडला नाही, इकाम्याची, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याची, मुदत एक दिवसही उलटू दिली नाही. आणि कायमचं घरी परतायला आठ दिवस उरले असताना जिझानच्या बंदरावर पांढऱ्या पावडरीची पिशवी घेऊन सापडलो!

चहा ओता, सांगतो.

खमीस मुशैतच्या एका इस्पितळात मी लॅबमध्ये होतो. बायको, वृंदा, तिथल्या भारतीय शाळेत इतिहास शिकवायची. तिने कुठल्याशा पुस्तकातून शोधून काढलं की जिझानसमोरच्या फरसान बेटांवर एके काळी रोमन सैनिकांचं ठाणं होतं. लॅटिनमध्ये कोरलेला एक दगड सापडला आहे. झालं! त्या दिवसापासून एकच धोशा. "अहो, रोमहून माणसं इथवर आली, आणि आपल्याला खमीसहून जाववत नाही?"

"जाऊ की," मी म्हणायचो.

हे 'जाऊ की' नऊ वर्षं चाललं. कधी ड्यूटी, कधी उकाडा, कधी बोटीत जागा नाही. तिची तयारी मात्र पक्की. एका कापडी पिशवीत मऊ ब्रश, पाणी फवारायची बाटली, विजेरी आणि पाव किलो तांदळाचं पीठ.

पीठ कशाला? किल्ले हिंडलेल्यांनी हा प्रश्न विचारू नये. पुसट शिलालेखावर पीठ चोळलं की अक्षरं पांढरीशुभ्र उठून दिसतात. कॉलेजात असताना साताऱ्याकडच्या किल्ल्यांवर ती हेच करत हिंडली होती. हल्ली जाणकार सांगतात, असं करू नका, दगड खराब होतो. पण तेव्हा कोण सांगणार?

गेल्या वर्षी ती गेली. सामान आवरताना कपाटाच्या तळाशी ही पिशवी मिळाली, पिठाच्या पुडीला तिने मारलेली गाठ तशीच. ती गाठ काही मी सोडली नाही. मनाशी ठरवलं, हा देश सोडण्याआधी तो दगड गाठायचा. तिच्या पिठाने अक्षरं उठवायची आणि वाचायची. एवढं एक तरी तिच्यासाठी करायचं. हाताशी सुट्टीचा एकच शनिवार होता.

सोबत हनीफ होता. इस्पितळाची गाडी चालवतो, मूळचा दापोलीकडचा. त्याच्या दोन्ही मुली वृंदाच्या वर्गात होत्या. तो तिला 'टीचर' म्हणायचा, आणि मला टीचरचा नवरा म्हणून जो काही मान मिळायचा तेवढाच.

पहाटे निघालो, घाट उतरलो. जिझानला पोचेपर्यंत सदरा अंगाला चिकटला. छान शहर आहे हो! समोर निळा समुद्र, मासळीबाजारात आरडाओरडा, आणि रस्त्याच्या कडेला मोगऱ्याचे गजरे विकायला बसलेले लोक. आपल्यासारखेच गजरे. मी हनीफला म्हटलं, गाडी जरा जोरात घे.

बंदरावर सामान यंत्रातून गेलं. यंत्र थांबलं. मेंदी लावलेल्या दाढीचा एक आडदांड अंमलदार उठला आणि त्याने माझी पिशवी टेबलावर उपडी केली. ब्रश, बाटली, विजेरी, आणि पांढऱ्या पावडरीची गाठ मारलेली पुडी!

मागची रांग आपोआप चार पावलं मागे सरकली.

अंमलदार अरबीत विचारायचा, हनीफ मराठीत सांगायचा.

"सर, तो विचारतोय हे काय?"

"तांदळाचं पीठ."

"खायला?"

आता इथे कुणीही शहाणा माणूस 'हो' म्हणाला असता. मी म्हणालो, "नाही."

"मग कशाला?"

"दगडाला लावायला."

हनीफने माझ्याकडे पाहिलं. "सर, हे मी त्याला सांगू?"

"सांग. खरं तेच सांग."

"सर, खरं सांगून लोक आत गेलेत. भाकरीसाठी म्हणू या ना! माझी आई तांदळाची भाकरी करते म्हणतो, विषय खलास."

"हनीफ, खोटं बोलायचं नाही."

त्याने कपाळाला हात लावला आणि सांगितलं. अंमलदाराने दाढीवरून हात फिरवला, आणखी दोघांना हाक मारली. तिघांनी पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुडी कुणी बांधली, विचारतोय."

"माझ्या बायकोने."

"ती कुठे आहे?"

आणि इथे, मंडळी, सगळ्या दिवसाचं मातेरं झालं. ते साधं चार अक्षरी उत्तर मी तोवर फक्त फॉर्मवर लिहिलं होतं. तोंडाने कुणाला सांगायची वेळ येऊ दिली नव्हती. खरं बोलायचं म्हणून हनीफला आत्ताच उपदेश करणारा मी म्हणालो, "ती आज आली नाही."

हनीफने खाली मान घालून तेवढंच अरबीत सांगितलं.

"सर," तो हळूच म्हणाला, "तो म्हणतोय, फोन लाव तिला. ती सांगू दे हे काय आहे ते."

मी फोन काढला. का काढला, मला विचारू नका. फोन हातात धरून उभा राहिलो. अंमलदार वाट बघतोय, रांग वाट बघतेय, बोटीचा भोंगा वाजतोय!

"लागत नाही म्हणून सांग."

"तो म्हणतोय, पुन्हा लाव."

"ती उचलत नाही म्हणून सांग."

"तो म्हणतोय, तुम्ही अजून बटण दाबलंच नाही."

बायकोचं नाव काढलं की ज्याला घाम फुटतो आणि जो तिला फोन लावायचं नुसतं नाटक करतो, त्या माणसाबद्दल पोलीस काय समजेल? आता पुडीपेक्षा मीच जास्त संशयास्पद झालो होतो. अंमलदार आतल्या खोलीकडे बोट दाखवू लागला.

तेव्हा हनीफ पुढे झाला. मला न विचारता, खालच्या आवाजात, तो दोनतीन वाक्यं बोलला. अंमलदाराचा हात खाली आला. "अल्लाह यरहम्हा," तो म्हणाला, म्हणजे देव तिच्यावर दया करो. त्याने मला स्वतःची खुर्ची दिली. कुणीतरी कागदी पेल्यात चहा आणला. मी तो प्यायलो, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

पण नियम तो नियम. पुडी उघडावी लागणार होती. हातमोजे घालून त्याने वृंदाची गाठ सोडली, नाक जवळ नेलं, आणि एकदम खुर्चीला धडकून मागे उडाला!

पिठात पोरकिडे झाले होते. सगळं पीठ वळवळत होतं. एक पोरकिडा टेबलावरून शांतपणे माझ्या इकाम्याकडे निघाला.

अंमलदार पोट धरून हसला. सगळे हसले, रांगसुद्धा. ज्यात इतके जीव नांदतात ती नशेची पावडर कशी असेल? मी निर्दोष सुटलो, पोरकिड्यांच्या साक्षीवर! आयुष्यभर लॅबमध्ये लोकांचं रक्त आणि थुंकी तपासणारा मी, पण पाव किलो पीठ उघडून बघायची बुद्धी झाली नव्हती. किडे बेटावर नेता येत नाहीत, म्हणून पुडी कचऱ्याच्या डब्यात गेली. डब्याचं झाकण आपोआप मिटलं.

"यल्ला, यल्ला!" म्हणत त्याने आम्हाला अक्षरशः बोटीत ढकललं.

तासभर समुद्राकडे बघत बसलो. हनीफ फक्त एकदा बोलला, "वाईट नका वाटून घेऊ सर, पाण्याने पण अक्षरं दिसतात थोडी."

बेटावर उतरून दगडाचा पत्ता काढला. विचारत विचारत एका लहानशा दालनात पोचलो. राखणदार नमाजाला गेला होता, आत आम्ही दोघंच. भिंतीशी काचेच्या पेटीत, वरून दिवा सोडलेला, तो दगड.

अक्षरं खणखणीत होती! खोल, सरळ, कालच कोरल्यासारखी. पिठाची गरजच नव्हती. आणि असती तरी लावणार कुठे, काचेला?

"वाचा सर," हनीफ म्हणाला. त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली.

मी चष्मा पुसला. घसा साफ केला. "आय," मी म्हणालो. "एम. पी."

हनीफ थांबला. "म्हणजे?"

"पुढे सी आहे."

"हां. पण म्हणजे काय?"

मी दुसरी ओळ पाहिली, तिसरी पाहिली. एकेक अक्षर ओळखीचं, पहिलीच्या पुस्तकातलं. शब्द एकही नाही.

"सर," हनीफ अगदी जपून म्हणाला, "तुम्हाला ही भाषा येते ना?"

नऊ वर्षं मी 'जाऊ की' म्हणत होतो. वर्षभर या दगडाचा ध्यास घेतला होता. पण दगड लॅटिनमध्ये आहे आणि लॅटिन पुस्तकांवरून वृंदा शिकली होती, मी नाही, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ती वाचेल आणि मी शेजारी उभा राहीन, असंच मी धरून चाललो होतो. ती नसतानासुद्धा.

"नाही," मी म्हणालो.

आम्ही परतीची बोट पकडली.

जिझानच्या धक्क्यावर तोच अंमलदार होता. लांबूनच हात केला, जुन्या मित्रासारखा. हसत काहीतरी विचारलं.

"सर, विचारतोय, दगडावर काय लिहिलं होतं?"

"सांग त्याला, मला वाचता येत नाही. वाचणारी माझी बायको होती. ती वारली."

बोलून गेलो, तेव्हा कळलं की बोललो. हनीफने सांगितलं. अंमलदाराने मान हलवली, थोडा विचार केला, आणि मनापासून, अगदी खरोखर जाणून घ्यायचं म्हणून, आणखी एक विचारलं.

"म्हणतोय, मग तू गेलास कशाला?"

सकाळपासून त्याने मला इतके प्रश्न विचारले होते. त्यातला हा एकच रास्त होता. आणि मी एकोणीस वर्षं मुरलेला लॅबवाला, सगळ्या कागदांची मुदत शाबूत असलेला माणूस, धक्क्यावर तोंड उघडं टाकून उभा.