पहिल्या मजल्यावरचे ड्रायव्हर

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर ते भाड्याने राहायचे. खराडीच्या एका आयटी कंपनीची बस चालवायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, याची आता लाज वाटते. रोज पहाटे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ते बूट पुसायचे आणि कुणाची झोप मोडू नये म्हणून गेटची कडी अलगद लावायचे.

उन्हाळ्यात अचानक त्यांच्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन करावं लागलं. सगळी शिल्लक त्यात गेली आणि दोन महिन्यांचं भाडं थकलं. घरमालक तिसऱ्या मजल्यावर राहतात. रविवारी पार्किंगमध्ये, सगळ्यांदेखत, त्यांनी सुनावलं, "महिनाअखेर जागा खाली करा. आम्ही धर्मशाळा उघडलेली नाही."

"साहेब, सात वर्षं भाडं एक तारखेला दिलं," ड्रायव्हर म्हणाले. हातात औषधांची पिशवी होती, आवाज चढला नव्हता. "तेव्हा कुणी विचारलं नाही, कसं जमवता म्हणून. आता दोनदा चुकलं, तर घरात माणूस आजारी आहे हेही दिसेना?"

आम्ही सात-आठ जण उभे होतो. कुणी ब्र काढला नाही. मीसुद्धा नाही.

महिनाअखेरीस टेम्पोत सामान भरून ते गेले. दुसऱ्याच दिवशी गेटवर पाटी लागली: 'जागा भाड्याने देणे आहे. फक्त सभ्य कुटुंबासाठी.'

ती वाचून माझं डोकं फिरलं. संताप आला, तोही महिनाभर उशिरा. मी तसाच तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि मालकांना विचारलं, "सभ्य म्हणजे कसं हो?"

"वेळेवर भाडं देणारं," ते म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.