बर्फातला माझा पहिला घाट

सिंगापूरला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती, तरी आम्ही गाडी घेतली नव्हती. टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटखाली उतरलं की समोर बस, थोडं चाललं की एमआरटी, म्हणजे मेट्रो. त्यामुळे गाडीवाचून कुणाचं काही अडत नव्हतं. नवरा पुण्यात स्कूटरच्या पुढे कधी गेला नाही आणि इथे आल्यावर तीही सुटली. गाडीची हौस होती ती मला. म्हणून मी शनिवारी सकाळी बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, बुकित बातोकला जाऊन गाडी शिकले. दोनदा नापास झाले, तिसऱ्या खेपेला लायसन्स मिळालं. मग कधीतरी सुट्टीच्या दिवशी भाड्याची गाडी घ्यायची, चांगीच्या समुद्राकाठी एक फेरी मारायची आणि परत आणून द्यायची, एवढंच माझं ड्रायव्हिंग.

त्या वर्षी सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, आमच्याकडे राहायला आल्या होत्या. एका संध्याकाळी टीव्हीवर बर्फ पडताना दाखवत होते. आई पापडी निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले.

"हे एकदा पायाखाली घेऊन बघायचंय मला," त्या म्हणाल्या.

आई कधी काही मागत नाहीत. त्यामुळे हे वाक्य नवऱ्याच्या मनात जाऊन बसलं. आठवडाभरात त्याने जपानच्या उत्तरेला, होक्काइदोला जायचं ठरवलंसुद्धा. डिसेंबरच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही चौघं जाणार: आई, तो, मी आणि दहा वर्षांची आमची लेक. सगळं ठरवून झाल्यावर जेवताना तो हळूच म्हणाला, "फक्त एक आहे. ते हॉटेल तळ्याकाठी आहे. तिथवर रेल्वे जात नाही. गाडी घ्यावी लागेल."

"आणि चालवणार कोण?" आईंनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ममी कॅन, लाह!" लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"बर्फात?" आई म्हणाल्या. "अगं, इथे जरा पावसाची सर आली तरी ही रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन थांबते."

ते खरंच होतं. पण त्या एका 'बर्फात?'ने मला चेव आला.

नवऱ्याचा एक नागपूरचा मित्र होता, इंजिनियर. सिंगापूरला येण्याआधी कितीतरी हिवाळे त्याने कॅनडात काढलेले. रविवारी त्याला जेवायला बोलावलं. तो येताना लेकीसाठी खेळण्यातली एक जीप घेऊन आला, आणि जेवण झाल्यावर त्याने माझ्याकडे स्टीलचं ताट आणि रव्याचा डबा मागितला. ताटात रवा पसरून त्यावर जीप ठेवली.

"वहिनी, तुम्ही फोर व्हील ड्राइव्हची मोठी गाडी घ्या. चारही चाकं जोर लावतात, त्यामुळे बर्फात ती निघते झकास. चढावर तर मजा येते." त्याने ताट तिरकं करून जीप वर ढकलली. मग ताट उलट्या बाजूला कलवलं. जीप सरळ घसरत माझ्या मांडीवर येऊन पडली. "पण थांबायच्या वेळी तिचा काही जास्त उपयोग नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. लोक इथेच फसतात. चढ आरामात चढला म्हणून उतारावर जोरात जातात."

"मग करायचं काय?"

"एका वेळी एकच काम. ब्रेक मारायचा तर वळायच्या आधी. वळताना फक्त वळायचं. आणि घसरलीच, तर पाय काढून घ्यायचा, जिकडे जायचंय तिकडे बघायचं. पहिल्या दिवशी एखाद्या रिकाम्या जागेत मुद्दाम ब्रेक मारून बघा. भीती तिथेच ठेवून या."

आई सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे. पण रवा वाया घालवला."

होक्काइदोला विमान उतरलं तेव्हा खिडकीबाहेर सगळं पांढरं होतं. आईंनी साडीखाली गरम पायजमा, वर आपल्या मुलाचं जॅकेट आणि डोक्याला लेकीची गुलाबी टोपी घातली होती. गाडीच्या काउंटरवरच्या मुलीला इंग्रजी थोडंच येत होतं. पण तिने बाहेर येऊन, थंडीत उभं राहून मला सगळं दाखवलं: बर्फासाठीचे मऊ रबराचे टायर, काचेवरचा बर्फ झाडायचा ब्रश, चारही चाकं एकत्र धरून ठेवायचं बटण. शेवटी दोन्ही हात हळूहळू खाली आणत म्हणाली, "स्लोली, प्लीज. एव्हरीथिंग स्लोली."

गाडी निळी होती, उंच. आत चढायला आईंना नवऱ्याने हात दिला.

जवळच एक मोठं रिकामं आवार होतं. मी गाडी तिथे नेली, थोडा वेग घेतला आणि जोरात ब्रेक दाबला. पायाखाली पेडल खडखडायला लागलं, जणू खालून कुणी लाथा मारतंय. गाडी थांबायलाच तयार नव्हती. थांबली तेव्हा मी मनात धरलेल्या जागेच्या आम्ही कितीतरी पुढे गेलो होतो.

"अगेन!" लेक मागून ओरडली.

मी पुन्हा केलं. मग वळून बघितलं, वळता वळता ब्रेक दाबून बघितला. गाडीने आपलं तोंड मी सांगितलेल्या दिशेला नेलंच नाही, सरळच चालली. पाय काढला तशी ती निमूट वळली. चौथ्या-पाचव्या वेळेला मलाही हसू यायला लागलं. आई मात्र माझ्या शेजारी, डोळे मिटून, डॅशबोर्डवरचं धरायचं हँडल पकडून बसल्या होत्या.

"झालं का तुझं?" त्यांनी विचारलं. "निघायचं का आता गावाला?"

शहर मागे पडलं आणि घाट सुरू झाला. त्याला दुसरा शब्दच नाही. वळणावळणाचा घाट, फक्त काळ्याऐवजी पांढरा. डांबर कुठेच दिसत नव्हतं. रस्त्याची कड कुठे संपते ते कळावं म्हणून उंच खांबांवर खाली तोंड केलेले बाण लावलेले. टायरखाली बर्फ कुरकुरत होता, बाकी सगळीकडे शांत. नेव्हिगेशनमधली बाई जपानीत काहीतरी सांगायची, आणि आई दर वेळी तिला "हो हो" म्हणायच्या.

अर्ध्या चढावर पुढच्या गाड्या थांबल्या. पुढे बर्फ काढणारं यंत्र चाललं होतं. मीही थांबले. आता चढावर थांबलेल्या जागेवरूनच निघायचं होतं. रांग हलली. आमच्या पुढच्या पांढऱ्या गाडीची चाकं जागेवरच फिरायला लागली, तिचा मागचा भाग थोडा बाजूला सरकला, मग ती कशीबशी निघाली. मी बटण दाबलं आणि पाय इतका हलका ठेवला की ठेवलाय की नाही ते मलाच कळेना. गाडी क्षणभर विचार करत असल्यासारखी थांबली. मग चारही चाकांनी बर्फ पकडला आणि ती चढायला लागली, न अडखळता, न घसरता.

"चढली!" आई ओरडल्या. "अगं, चढली की!"

नवऱ्याने मागून टाळ्या वाजवल्या. मी तर हॉर्नच वाजवणार होते, पण स्वतःला आवरलं.

उतारावर मी खालचा गिअर टाकला आणि गोगलगायीसारखी निघाले. एका वळणावर तरीही पुढची चाकं सटकली. समोर बर्फाची भिंत दिसत होती. माझा पाय ब्रेककडे निघालाही होता. तो मी ओढून घेतला आणि भिंतीकडे न बघता वळणाच्या पलीकडच्या रस्त्याकडे बघितलं. गाडी थोडी सरकली, मग चाकांना पकड मिळाली आणि ती वळली. गाडीत कुणालाच काही कळलं नाही. मला मात्र असं वाटलं, की आत्ता, या क्षणी मला खरी गाडी चालवता आली.

मग जंगल सुरू झालं. झाडांवर बर्फ, मधे थोडं ऊन. आई म्हणाल्या, "थांबव ना इथेच. मला उतरायचंय."

कडेला सपाट, रुंद जागा दिसली. मी गाडी तिकडे घेतली आणि गाडीची डावी बाजू भसकन खाली गेली. सपाट दिसत होतं ते बर्फाने भरलेलं गटार होतं. गाडीचं पोट बर्फावर टेकलं होतं. मी हलका पाय देऊन बघितला, मागे घेऊन बघितलं. चाकं नुसती फिरली. पोट टेकल्यावर चार चाकांचा जोर असून काय करणार?

मी रडवेली झाले. आई मात्र आपल्या बाजूचं दार बर्फात रेटून उतरल्याही होत्या. गुडघ्यापर्यंत बर्फात उभ्या राहून त्या हसत होत्या. हातात बर्फ घेऊन त्यांनी त्याचा वास घेतला, जिभेला लावला.

"किती मऊ आहे गं!" त्या म्हणाल्या. "ये खाली. गाडीचं बघू नंतर."

मग आम्ही गाडीचं बघायला लागलो. आमच्याकडे फावडं नव्हतं, पण आईंची पिशवी होती. परदेशात जेवणाचे हाल होतात म्हणून त्यांनी स्टीलची चार ताटं, कलथा आणि लाडवांचा डबा आणला होता. आम्ही चौघं ताटांनी बर्फ उपसायला लागलो. लेक उपसायची कमी आणि वडिलांच्या कॉलरमध्ये घालायची जास्त.

तेवढ्यात एक चिमुकली चौकोनी गाडी येऊन थांबली. आतून एक वयस्क जोडपं उतरलं. स्टीलच्या ताटांनी बर्फ उपसणारी, साडीवर जॅकेट घातलेली बाई बघून आजोबा आधी नुसतेच उभे राहिले, मग पोट धरून हसले. त्यांनी मागून फावडं काढलं. आजींनी आमच्या पायाखालची मॅट मागितली आणि चाकाखाली सरकवली. आजोबांनी मला खूण केली: हळू, अगदी हळू.

मी पाय टेकवला. मॅट चाकाखाली चेपली, गाडी डुलली, वर उचलली गेली आणि सरळ रस्त्यावर आली. बाहेर सगळ्यांनी एकच आरडाओरडा केला, त्यात ते दोघंही होते.

आईंनी लाडवांचा डबा उघडला. आजोबांनी एक लाडू खाल्ला, डोळे विस्फारले आणि दुसरा मागितला. आजींनी गाडीतून संत्र्यांची जाळी आणून आईंच्या हातात दिली. दोघी एकमेकींना आपापल्या भाषेत बराच वेळ काहीतरी सांगत होत्या, आणि मान हलवत होत्या.

"काय म्हणाल्या त्या?" गाडीत बसल्यावर मी विचारलं.

"सून चांगली चालवते म्हणाल्या," आई म्हणाल्या.

पुढचे चारही दिवस त्या माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर बसल्या. तळ्याकाठी, बाजाराला, गरम पाण्याच्या झऱ्याला, सगळीकडे मीच नेलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हँडल धरायचं सोडलं.

सिंगापूरला परत आलो आणि दोन दिवसांनी ऑफिसातून घरी येताना बघितलं, तर आमच्या इमारतीखाली आई बाकावर बसलेल्या. भोवती शेजारची तमिळ बाई, वरच्या मजल्यावरच्या चिनी आजी आणि कुठून तरी आलेल्या दोन मराठी मैत्रिणी. आई हिंदी, मराठी आणि हातवारे मिसळून घाट चढवत होत्या. घाट चांगलाच वाढला होता आणि बर्फ माझ्या खांद्यापर्यंत आला होता. मी लिफ्टचं बटण दाबलं, पण वर काही गेले नाही. बाकाच्या कडेला जागा करून घेतली आणि पुढे काय झालं ते ऐकत बसले.