बाबांचं तांब्याचं कडं

आज चमच्यांच्या डब्यात तो जुना स्टीलचा चमचा हाताला लागला, दांड्यावर आडवा ओरखडा असलेला, आणि चिंचेने घासलेल्या तांब्याचा वास आठवला. तेव्हा मी घरीच तांब्याची कडी करायला शिकत होते. पट्टी गॅसवर लाल करून पाण्यात बुडवली की मऊ पडते, पण ठोकत, वाकवत गेलं की पुन्हा कडक होते. तिसरं कडं बाबांसाठी होतं. चिंचेने घासून एकदम चकाचक केलेलं. तापवलं तर परत काळं पडेल म्हणून मी शेवटचं तापवलंच नाही. बाबांच्या मनगटावर घालून पकडीने दाबलं, उघडलं, परत दाबलं, आणि ते रुतलं. उघडेचना. बोटं सुजून जांभळी व्हायला लागली. बाबांचा जन्म पोलोग्राउंडच्या धातूच्या कारखान्यात गेलेला, त्यांना लगेच कळलं. “परत तापवलं नाहीस ना?” आता हातात असताना तापवणार तरी कसं? त्यांनी चमचा मागितला, त्याचा दांडा कड्याखाली सरकवला आणि हात ओट्यावर ठेवला. “चालव आरी. डर मत,” ते कारखान्यातल्या हिंदीत म्हणाले. तांब्याचा लाल भुगा त्यांच्या मनगटावर पडत होता, आणि ते हाताकडे नाही, माझ्याकडे बघत होते. कडं तुटलं, आरी चमच्यावर घासली, तसे म्हणाले, “अगला थोडा ढीला कर.” त्यानंतर मी कितीतरी कडी केली. आज त्या ओरखड्यात नख घालून बघितलं. दर वेळी ते थोडं जास्तच आत गेल्यासारखं वाटतं; चमचा नसता तर आरी तेवढी बाबांच्या मनगटात गेली असती.