कढीपत्त्यावरच्या अळ्या

सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि घरामागची बाग मी पहिल्यांदा नीट पाहिली. तोवर पाळ्यांच्या धबडग्यात झाडांना पाणी घालायचं कामही बायकोच करायची. बाग म्हणजे तरी काय, एक लिंबू, थोडी जास्वंद आणि तिचा लाडका कढीपत्ता.

एका सकाळी ती तिथूनच ओरडली, "अहो, इकडे या! पानं बघा कशी कुरतडलीत."

पानांवर पाखरांची शीट पडल्यासारखं दिसत होतं. काडी लावली तर ती शीट हलली! डोक्यामागून दोन तांबडी शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला.

"अळ्या आहेत. फवारा मारा," ती म्हणाली.

"थोडे दिवस थांब ना. यांचं होतं काय, ते बघू तरी."

"झाड बोडकं होईल, दुसरं काय!"

पण तिने फवारा मारला नाही. आठवड्याभरात अळ्या हिरव्यागार झाल्या. बऱ्याचशा पाखरांनी टिपल्या. उरलेल्या दोघींनी कोष केले. हिरव्या फांदीवरचा कोष हिरवा, वाळक्या काडीवरचा मातकट. अळीला आपण कशावर बसलोय हे कळतं कसं? मी रोज खुर्ची टाकून बसू लागलो.

मातकट कोष आधी काळवंडला. आता फुलपाखरू येणार म्हणून मी बायकोला हाक मारली. कोषाला बारीक भोक पडलं आणि त्यातून मुंगीएवढ्या, चमकत्या माश्या निघाल्या. एकामागून एक, निघतच राहिल्या.

"म्हणजे यांनी आतल्या आत खाल्लं त्याला?" तिचा आवाज उतरला होता.

मला वाईट वाटत होतं, पण नजरही हलत नव्हती.

ती आत गेली आणि दुधावरचं जाळीचं झाकण घेऊन आली. सुतळीने तिने ते हिरव्या कोषावर बांधलं. चार दिवसांनी सकाळी तिनेच मला हलवून उठवलं. जाळीत एक काळं फुलपाखरू लटकलं होतं, पंख ओले, चुरगळलेले. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ.

"उडत का नाही हो?"

"पंख वाळू दे त्याचे."

तिने हळूच झाकण सोडलं. तासाभराने ते भिंतीवरून शेजारच्या गच्चीकडे गेलं.

ती तिकडेच बघत होती. मग म्हणाली, "आणि त्या माश्या? त्या कुठे गेल्या असतील?"